दाबोळी ते दमण: ५७२ किलोमीटर की ६२०?

इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की क्षणात अंतर आणि उड्डाणाचा वेळ समोर येतो. दाबोळी आणि दमण अशी जोडी टाकून पाहा. साधारण ५७२ किलोमीटर, म्हणजे ३०९ नॉटिकल मैल, आणि आजच्या जेट विमानाच्या वेगाने सव्वा तास, असं उत्तर मिळेल. गणित बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट न सांगता धरलेली असते: दोन विमानतळांमधलं आकाश तुमच्यासाठी मोकळं आहे. १९५५ ते १९६१ या काळात या दोन धावपट्ट्यांमध्ये खरोखरच विमानं ये-जा करत होती, आणि त्या विमानांना हे आकाश मोकळं नव्हतं. त्यामुळे त्या काळचं दाबोळी-दमण अंतर आपल्याला नव्याने मोजावं लागतं.

आधी साधं अंतर कसं निघतं ते पाहू. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे महावृत्ताचा तुकडा. दाबोळी १५.३८ उत्तर अक्षांशावर आणि ७३.८३ पूर्व रेखांशावर, दमण २०.४३ उत्तर आणि ७२.८४ पूर्व. म्हणजे उत्तरेकडे पाच अंशांहून थोडं जास्त आणि पश्चिमेकडे जेमतेम एक अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश आपल्याकडे त्याहून थोडा लहान, साधारण १०६. शाळेतल्या पायथागोरसने ५६२ आणि १०४ यांचा कर्ण काढला की ५७२ येतात. इतक्या कमी अंतरात महावृत्त आणि नकाशावरची पट्टी यांत नजरेला फरक दिसत नाही, त्यामुळे पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसलात तरी चालेल.

बसाच. कारण खरी गंमत त्या रेघेखाली कोणती गावं येतात त्यात आहे. दाबोळीवरून निघालेली रेघ पणजीला जवळजवळ चिकटून बार्देश आणि पेडण्यावरून गोव्याबाहेर पडते. मग सावंतवाडीच्या पश्चिमेला दहा किलोमीटरवरून, कणकवलीच्या शेजारून, रत्नागिरी डाव्या हाताला ठेवून, चिपळूण आणि महाडच्या थोडं पश्चिमेने वर जाते. पनवेल आणि डोंबिवलीच्या तर अगदी डोक्यावरून जाते. पुढे पालघरच्या आतल्या भागावरून वापीजवळ, आणि लगेच दमण. समुद्राला ही रेघ जवळपास शिवतच नाही. गोव्याची हद्द ओलांडल्यापासून दमणच्या वेशीपर्यंत सगळी जमीन तेव्हाच्या मुंबई राज्याची, म्हणजे भारताची.

आणि भारताने पोर्तुगिजांची वाट अडवायला सुरुवात केलेली होती. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली, आणि दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना तिथे जाऊ देणं भारताने नाकारलं. त्यावर पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६०च्या निकालात सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता जाण्यायेण्याचा हक्क मान्य झाला, सैन्य आणि शस्त्रं यांच्यासाठी नाही, आणि भारताने केलेली अडवणूक बेकायदा ठरली नाही. तोवर प्रत्यक्षात काही उरलेलं नव्हतं. त्याआधीच, १५ ऑगस्ट १९५५च्या सत्याग्रहावर गोळीबार झाल्यानंतर भारताने गोव्याशी संबंध तोडले, सीमा बंद झाली आणि आगगाडीही थांबली.

आगगाडी थांबली याचा अर्थ गोवा-दमण प्रवासाच्या दृष्टीने काय, हे आज चटकन लक्षात येत नाही. दमणला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. जवळचं स्टेशन वापी, बारा-एक किलोमीटरवर. गोव्याहून तिथे जायचं तर मुरगावला मीटर गेजच्या गाडीत बसून कॅसलरॉक, लोंढा, मिरज करत पुणं, तिथे गाडी बदलून मुंबई, बोरीबंदरला उतरून बॉम्बे सेंट्रल गाठायचं आणि गुजरातकडची गाडी धरायची. एकाच सरकारच्या दोन जिल्ह्यांमधला हा प्रवास, पण जवळजवळ सगळा दुसऱ्या देशातून. ती वाट बंद झाल्यावर दमण आणि दीव हे प्रशासनाच्या दृष्टीने बेटंच झाले. (दीव तसंही बेटच आहे, पण ते वेगळं.)

पोर्तुगीज सरकारने यावर काढलेला तोडगा म्हणजे तीन धावपट्ट्या आणि एक विमान कंपनी. दाबोळीच्या जांभ्या दगडाच्या पठारावर विमानतळ झाला, त्याला तेव्हाचे गव्हर्नर जनरल पावलु बेनार्द गेदिश यांचं नाव दिलं गेलं. दमण आणि दीवलाही पट्ट्या झाल्या. आणि १९५५ साली ‘त्रांसपोर्तेस आयेरेऊस दा इंडिया पोर्तुगेझा’, थोडक्यात टीएआयपी, ही कंपनी उडू लागली. सुरुवातीची विमानं डी हॅविलंड हेरॉन जातीची. पुढे व्हिकर्स वायकिंग आणि लांबच्या मार्गांसाठी डग्लसची चार इंजिनांची विमानं आली.

हेरॉन हे विमान मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण या मार्गाला ते शोभतं. चौदा ते सतरा प्रवासी, प्रत्येकी अडीचशे अश्वशक्तीची चार छोटी पिस्टन इंजिनं, आत हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे आठ-दहा हजार फुटांच्या वर नेण्यात अर्थ नाही. वेग ताशी २५० ते ३०० किलोमीटरच्या दरम्यान. एवढ्या लहान विमानाला चार इंजिनं कशाला, असं कुणी विचारेल. खाली समुद्र असताना एक बंद पडलं तर तीन चालू राहावीत, हे माझ्या मते पुरेसं उत्तर आहे.

आता वळशाचं गणित. या विमानांना ‘समुद्रावरून केवढा मोठा वळसा घालावा लागे’ असं आपण सहज बोलतो. केवढा, ते मोजायला हवं.

कायदा काय होता? १९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचं आपल्या जमिनीवरच्या आणि प्रादेशिक समुद्रावरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असतं. इथे जहाज आणि विमान यांत महत्त्वाचा फरक आहे. जहाजाला दुसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रातून निरुपद्रवी मार्गाने जाता येतं. विमानाला तसा हक्क नाही. भारताचा प्रादेशिक समुद्र आधी तीन नॉटिकल मैल होता, १९५६ साली सहा झाला (बारा झाला तो १९६७ साली). सहा नॉटिकल मैल म्हणजे ११ किलोमीटर. म्हणजे वैमानिकाने किनाऱ्यापासून किमान एवढं बाहेर राहायला हवं, आणि १९५५ सालच्या दिशादर्शक साधनांचा विचार करता शहाणा माणूस त्याच्या दुप्पट अंतर ठेवील. मी वीस किलोमीटरांहून जास्त धरून वाट आखली. दाबोळीहून वायव्येला निघून मालवणच्या समोर खोल समुद्रात, तिथून मुंबईच्या पश्चिमेला पन्नास किलोमीटरवर, मग तारापूर-डहाणूच्या बाहेरून वर आणि शेवटी उजवीकडे वळून दमण. ही वाट माझी आहे, त्या काळच्या वैमानिकांची वळणं थोडी पुढेमागे असतील. पण किनारा तोच आहे आणि नियमही तोच, त्यामुळे बेरीज फार बदलणार नाही.

बेरीज येते ६२० किलोमीटर. सरळ रेघेपेक्षा फक्त ४८ जास्त, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आत. हेरॉनचा वेग ताशी २८० धरला तर सरळ वाटेला दोन तास तीन मिनिटं आणि समुद्राच्या वाटेला दोन तास तेरा मिनिटं. दहा मिनिटांचा फरक! आपला कोकण किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे आणि रेघ त्याला जवळून समांतर जाते, म्हणून वळसा एवढा लहान निघतो.

इतकंच नाही. या किनाऱ्यावर पावसाळा संपल्यावर वारा बराचसा उत्तरेकडून आणि वायव्येकडून असतो. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला तर २८०चं विमान जमिनीच्या हिशेबात २५०ने जातं, आणि तेच ६२० किलोमीटर दोन तास एकोणतीस मिनिटांचे होतात. परत येताना तोच वारा पाठीशी, मग दोनच तास. म्हणजे भारत सरकारच्या बंदीपेक्षा हिवाळ्यातला साधा वारा जास्त मिनिटं खात होता. यात धावपट्टीवर चालण्याची, वर चढण्याची आणि उतरण्याची पंधरा-वीस मिनिटं सगळीकडे सारखीच मिळवावी लागतात.

मग बंदीचा काहीच परिणाम नव्हता का? होता, पण तो किलोमीटरमध्ये मोजून सापडत नाही. तो सापडतो इंधनाच्या हिशेबात.

कुठलंही विमान निघताना वैमानिक विचारतो: तिथे उतरता आलं नाही तर कुठे जाऊ? सरळ वाटेवरच्या विमानासाठी दमणला धुकं किंवा पाऊस असेल तर उत्तर सोपं, मुंबई. दमणपासून सांताक्रूझ १५० किलोमीटर. तिथे लांब धावपट्टी, दिवे, रेडिओ, इंधन, सगळं. टीएआयपीच्या वैमानिकाला मुंबई दिसत असे, पण नेहमीच्या नियोजनात ती धरता येत नव्हती. जीवावर बेतलं तर कुणीही कुठेही उतरतं, ती गोष्ट निराळी. पण परवाना नसलेल्या पोर्तुगीज विमानाने मुंबईला उतरणं म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रकरण झालं असतं. मग उरतं काय? आखाताच्या पलीकडचं दीव, सुमारे २०० किलोमीटर, तीही लहान पट्टी आणि बहुतेक वेळा हवामान तेच. किंवा मागे फिरून दाबोळी. गोवा-दमण आणि तसंच परत म्हणजे १२४० किलोमीटर. हेरॉनचा पल्ला १४०० किलोमीटरच्या वर होता, तेव्हा हे शक्य कोटीतलं. पण टाकी भरून निघायचं तर वजन कुठून तरी कमी करावं लागतं, आणि ते प्रवासी, टपाल किंवा सामान यांच्यातूनच होतं. १५० किलोमीटरऐवजी ६२० किलोमीटरचं राखीव इंधन वाहणं, ही खरी किंमत.

दुसरा भाग दमणच्या आकाराचा. संपूर्ण दमण ७२ चौरस किलोमीटर. किनारपट्टी बारा-तेरा किलोमीटर, मधून दमणगंगा, तिच्या उत्तरेला नानी दमण आणि दक्षिणेला मोटी दमण. पट्टी नानी दमणला. समुद्राकडून येणाऱ्या विमानाला आत शिरायला एवढी बारा किलोमीटरची खिडकी. तिच्या दोन्ही बाजूंना भारताचं पाणी आणि पाठीमागे भारताची जमीन. उतरताना ताशी २०० किलोमीटर वेगाने वीस अंश कलून वळणाऱ्या विमानाच्या वळणाची त्रिज्या सुमारे ८६० मीटर भरते, म्हणजे पूर्ण वळसा पावणेदोन किलोमीटर रुंद. जागा पुरते. पण पहिल्या प्रयत्नात पट्टी सापडली नाही, ढग खाली आले आणि दोन-तीन मिनिटं चाचपडत फिरावं लागलं, तर त्या वेळात विमान सात ते दहा किलोमीटर जातं. एवढ्यात सीमा ओलांडून परतही येता येतं. पावसाळ्यात या पट्टीवर उतरणाऱ्या वैमानिकांचं कसब मी मोठं मानतो, मग ते कुणाच्याही झेंड्याखाली उडत असोत.

दीव आणि कराची यांची गोष्ट याहून सोपी होती, आणि ते नकाशावर पाहण्यासारखं आहे. दाबोळी-दीव सरळ अंतर ६६८ किलोमीटर, म्हणजे दमणपेक्षा जवळजवळ शंभर जास्त. पण ही रेघ वायव्येला जाते आणि किनाऱ्याला फक्त एका जागी घासते: मालवणला, जवळजवळ सिंधुदुर्ग किल्ल्यावरून. तिथे थोडं बाहेर सरकलं की पुढे थेट दीवपर्यंत मोकळा अरबी समुद्र. कराचीला सरळ अंतर सुमारे १२७० किलोमीटर, आणि तिथेही द्वारकेच्या टोकाला तेवढं चुकवलं की झालं. म्हणून गोव्याची जगाकडे जाणारी वाट कराचीवरून गेली यात राजकारण होतंच, पण भूगोलही होता. तिन्हींत जवळचं असलेलं दमण तेवढं अवघड, कारण ते खंबायतच्या आखाताच्या तोंडाशी, मुंबईच्या आड दडलेलं आहे.

हे सगळं संपलं १८ डिसेंबर १९६१ला. त्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. नंतर आणखी आठ विमानांची फेरी झाली. पट्टीवर खड्डे पडले, पण विमानतळावर उभी असलेली दोन मोठी प्रवासी विमानं वाचली: एक लिस्बनच्या टीएपी कंपनीचं कॉन्स्टेलेशन आणि एक टीएआयपीचं चार इंजिनांचं डग्लस. त्याच रात्री पट्टीचा शाबूत आणि घाईने बुजवलेला भाग वापरून ही दोन्ही विमानं काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन उडाली आणि समुद्रावरून अगदी खालून कराचीला पोहोचली. मोठ्या विमानाला लागणाऱ्या पट्टीपेक्षा कमी लांबीवरून, अंधारात. सहा वर्षं समुद्रावरून जायची सवय झालेली होती, ती त्या रात्री कामी आली असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा, दमण आणि दीव तिन्ही भारतात आले, आणि टीएआयपीचं काम संपलं.

इथे एक विचित्र गोष्ट घडली. ज्या दिवशी दाबोळी-दमण सरळ रेघ कायद्याने मोकळी झाली, त्याच दिवशी तिच्यावरून जाणारं विमान राहिलं नाही. दाबोळी नौदलाकडे गेला. प्रशासन मात्र जोडलेलंच राहिलं: गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश, राजधानी पणजी. तीस जणांच्या विधानसभेत अठ्ठावीस आमदार गोव्याचे, एक दमणचा आणि एक दीवचा. दमणच्या माणसाचं पणजीतलं काम पुन्हा मुंबईमार्गे सुरू झालं. सीमेवर आता कुणी अडवत नव्हतं, पण दोन-सव्वादोन तासांचं अंतर परत दिवसांत मोजायची वेळ आली. पोर्तुगिजांच्या नाकेबंदीच्या काळातल्या गैरसोयींबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं जातं. १९६१ ते १९८७ या काळातल्या दमण-दीवच्या या गैरसोयीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, बहुधा त्यात नाट्य नाही म्हणून. ३० मे १९८७ला गोवा राज्य झालं, दमण-दीव वेगळे झाले, आणि हा प्रश्नच मिटला.

ज्यांना यात पुढे शोध घ्यायचा असेल त्यांच्यासाठी एक सूचना. टीएआयपीच्या विमानाने गेलेली टपालाची पाकिटं अजून संग्राहकांकडे असतात. तिकीट सुंदर असतं म्हणून आपण पुढची बाजू पाहतो. पाकीट उलटून मागचा पोचल्याचा शिक्का वाचा, आणि दोन्ही तारखा टिपून ठेवा. उड्डाणाला सव्वादोन तास लागत, पण पत्राला किती दिवस लागत ते या दोन शिक्क्यांमधून निघतं. जून ते सप्टेंबरमधली पाकिटं वेगळी काढली तर पावसाळ्यात सेवा किती अडखळत होती याचाही अंदाज बांधता येईल. आकडेमोड कुणालाही जमेल अशी आहे.

आणि ती पेन्सिलची रेघ पुसू नका. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. तिच्यावरून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या मडगावहून कणकवली, चिपळूण, पनवेल करत, दिव्यापाशी वसईकडे वळून वापीला जातात. लोहमार्ग डोंगर-नद्यांमुळे वळणं घेतो, पण तो नकाशावर त्या रेघेशेजारी ठेवून पाहा; दोन्ही जवळजवळ एकमेकांना चिकटून वर जातात. टीएआयपीच्या हेरॉनला ज्या गावांवरून जाता येत नव्हतं, त्याच गावांतून आता गोव्याचा माणूस वापीला उतरतो आणि रिक्षाने दमणला जातो.